खोल सोन्यासाठी १८ इंची मोनो कॉइल: फायदा किती, डोकेदुखी किती

मायनलॅब कंपनीचा जीपीएक्स ५००० हा सोनं शोधायचा डिटेक्टर ज्यांच्याकडे आहे, त्यांचं ११ इंची कॉइलवर, म्हणजे दांड्याच्या टोकाला बसणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या थाळीवर, फार दिवस समाधान होत नाही. वरवरचं सगळं कोणीतरी आधीच उचलून नेलेलं असतं आणि खाली अजून काही असेल, ही शंका काही जात नाही. मग दुकानात भिंतीला टांगलेल्या थाळ्यांसारख्या कॉइल दिसायला लागतात. हे परीक्षण त्यातल्या १८ इंची गोल मोनोचं, म्हणजे मायनलॅबच्या कमांडर मालिकेतल्या, एकच गुंडाळी असलेल्या कॉइलचं. कॉइलटेक आणि नगेट फाइंडर या कंपन्यांच्या त्याच मापाच्या कॉइलनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. निकाल आधीच सांगून टाकतो: दुसरी कॉइल म्हणून घ्या, पहिली म्हणून नको. आणि ती कुठे फिरवायची हे ठरलं नसेल तर दुसरी म्हणूनही नको.

जागा कुठली, तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा गोल्डन ट्रँगल. बॅलरॅट, बेंडिगो, मेरीबरो, डनॉली, टारनागुला, वेडरबर्न हा सगळा पट्टा. मेलबर्नहून गाडीने दीड ते अडीच तासांवर असल्यामुळे तिकडच्या मराठी मंडळींपैकीही काहीजण सुटीच्या दिवशी मशीन घेऊन निघतात. इथली माती सोन्याची खरी, पण डिटेक्टरला त्रास देणारी. लोहाचे खडे, गोटे, लाल मुरूम. कोकणातला जांभा पाहिलेल्याला ओळख पटावी अशी. मोठ्या कॉइलची निम्मी डोकेदुखी या लोहातून येते.

आधी खोलीचा हिशेब करू, कारण दुकानदार तो कधी सांगत नाही.

मोनो कॉइलमध्ये एकच गुंडाळी आधी विजेचा स्पंद जमिनीत सोडते आणि तीच परत येणारा क्षीण संकेत ऐकते. मशीनला कॉइलचं इंडक्टन्स (वेढे आणि आकार यांवर ठरणारा विद्युत गुण) ठरावीकच लागतं, साधारण ३०० मायक्रोहेन्री. त्यामुळे कॉइल मोठी केली की तारेचे वेढे कमी करावे लागतात. ११ इंचीची त्रिज्या १४ सेमी, १८ इंचीची २३ सेमी. कॉइलच्या बरोबर मध्याखाली असलेल्या वस्तूसाठी, वेढ्यांचा हा फरक धरून आकडेमोड केली, तर सुमारे १८ सेमी खोलीवर दोन्ही कॉइल सारख्याच ठरतात. त्याच्या वर ११ इंची सरस, त्याच्या खाली १८ इंची. ५ सेमीवर मोठ्या कॉइलचा संकेत लहान कॉइलच्या पाव हिश्शाहून किंचित जास्त असतो, १० सेमीवर निम्म्याहून कमी आणि ५० सेमीवर तिपटीहून थोडा जास्त.

तिप्पट वाचून हुरळून जाऊ नये. संकेत जाताना विरतो आणि येतानाही विरतो, त्यामुळे खोलवरच्या वस्तूचा आवाज अंतराच्या जवळजवळ सहाव्या घाताने पडत जातो. ११ इंचीला ५० सेमीवर जे सोन्याचं ढेकूळ जेमतेम ऐकू येतं, ते १८ इंचीला फार तर ६२ सेमीवर ऐकू येईल. ३० सेमीचे होतात ३६. थेट २५ इंचीवर गेलात तरी ५० चे ७२ होतात. हे सगळं कागदावरचं, शांत जमिनीतलं. प्रत्यक्षात कॉइल मोठी झाली की ती बाहेरचा विद्युत गोंगाटही जास्त गोळा करते. याच हिशेबाने १८ इंची कॉइल ११ इंचीच्या दुपटीहून थोडा अधिक गोंगाट पकडते. विजेच्या तारा, लांबवर कडाडणारं वादळ, शेजारी फिरणारा दुसऱ्याचा डिटेक्टर, सगळं कानात येतं. मग गेन (संकेत किती मोठा करायचा ते सेटिंग) उतरवावा लागतो आणि मिळवलेल्या १२ सेमींतले काही तिथेच जातात.

तर प्रश्न उरतो तो एवढाच, की हे आठ-दहा सेमी कुठे कामाला येतात?

व्हिक्टोरियाचा इतिहास याबाबतीत गोंधळात टाकणारा आहे. ५ फेब्रुवारी १८६९ ला मोलिआगुलजवळ सापडलेला ‘वेलकम स्ट्रेंजर’, आजवरचा गाळाच्या मातीतला सर्वांत मोठा सोन्याचा गोळा, जमिनीखाली जेमतेम ३ सेमीवर होता. २६ सप्टेंबर १९८० ला किंगोवरजवळ डिटेक्टरने सापडलेला २७.२१ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ सुमारे ३० सेमीवर. दोन्हींसाठी १८ इंची कॉइलची गरज नव्हती. पण त्या १९८० च्या शोधानंतर या पट्ट्यावर डिटेक्टरवाले तुटून पडले आणि चार दशकं तीच तीच जमीन चाळली गेली. उथळ सोनं संपत आलं ते त्यामुळे. जानेवारी २०१३ मध्ये बॅलरॅटजवळ जीपीएक्स ५००० ने सापडलेलं ५.५ किलोचं ढेकूळ त्या वेळच्या बातम्यांनुसार ६० सेमी खोल होतं. मोठी कॉइल अशा सोन्यासाठी असते: आकाराने मोठं, चाळीस ते सत्तर सेमीच्या पट्ट्यातलं, आधीच्या मशीनच्या कानाच्या जरासं पलीकडे राहिलेलं. (२०२३ मध्ये याच भागात २.६ किलो सोनं असलेला दगड साध्या, तुलनेने स्वस्त डिटेक्टरने सापडला. मशीनच्या किमतीवरून वाद घालणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.)

म्हणून जागा निवडताना आधी बघायचं ते खडकाचा थर किती खाली आहे. सोनं जड; ते मातीतून सरकत सरकत चिकणमातीवर किंवा खडकावर जाऊन बसतं. माती १५ सेमीची आणि खाली खडक असेल, तर तिथे १८ इंची कॉइल फिरवणं म्हणजे मुद्दाम बहिरं होऊन हिंडणं. जुन्या खाणवाल्यांचे पडके खड्डे आणि त्यांच्या बाजूचे ढिगारे बघा. ढिगाऱ्याच्या माथ्यावर पांढरी-पिवळी चिकणमाती किंवा पाटीसारख्या दगडाचे तुकडे दिसले, तर तो खड्डा खडकापर्यंत गेला होता. खड्ड्याची खोली बघितली की मातीचा थर किती ते कळतं. अर्धा ते एक मीटर माती असलेले ओढ्यांचे काठ, उथळ घळींच्या कडा आणि मोठी ढेकळं आधी निघालेल्या जुन्या जागा, या तिन्हींवर मोठी कॉइल पैसे वसूल करते. पाच-सात मीटर खोल विहिरीसारखे खड्डे असतील तर कुठलीच हातातली कॉइल तिथवर पोचत नाही, उगाच आशा धरू नये. आणि अशा खड्ड्यांच्या काठाजवळ जायचंही नाही. कडा आतून पोखरलेली असते.

झाडीचं दुसरं. तिथलं जंगल बॉक्स आणि आयर्नबार्क जातीच्या निलगिरींचं, खाली खुरट्या झुडपांची दाटी. ४६ सेमीची थाळी त्या झुडपांत घालता येत नाही. कॉइल वर उचलून फिरवली की जमिनीपासून जेवढे सेमी वर, तेवढे सेमी खोलीतून वजा. झुडपं चुकवताना कॉइल सरासरी १० सेमी वर राहिली, तर ११ इंचीवरची सगळी आघाडी तिथेच खलास. मोकळं कुरण, उघडा उतार, गाड्यांनी सपाट झालेली जागा असेल तरच ही कॉइल बाहेर काढावी.

जोडणीत होणाऱ्या चुका बारीक असतात, पण दिवस वाया घालवतात. मशीन बंद करूनच कॉइल बदलायची. खालच्या दांड्याच्या दोन्ही कानांत रबरी वॉशर नीट बसले पाहिजेत. मोठ्या कॉइलच्या वजनाने सांधा लगेच ढिला पडतो आणि प्रत्येक झोक्याला थाळीचं नाक खाली लोंबतं. वायर कॉइलजवळ थोडी सैल ठेवून, कॉइल वर-खाली वळली तरी ताण येणार नाही अशी, मग दांड्याभोवती घट्ट वेढे देऊन वेल्क्रोने बांधायची. वायर दांड्यावर हलत राहिली की झोक्यागणिक ‘व्वू’ असा खोटा आवाज येतो, आणि तो खोल वस्तूच्या आवाजासारखाच असतो. कितीतरी खड्डे या एका सैल वेढ्यापायी खोदले जातात. पाच पिनांच्या जोडाची कडी हाताने पूर्ण आवळायची, पकडीने नाही.

कॉइलचा स्विच मोनोवर. मोनो कॉइल लावून तो डबल डी वर, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या कॉइलसाठीच्या जागी, राहिला तर नीट काम होत नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. त्यानंतर मशीन मूळ सेटिंगवर आणून ऑटो ट्यून, म्हणजे बाहेरचा गोंगाट टाळायची आपोआप जुळवणी: कॉइल कमरेच्या उंचीवर स्थिर धरून बटण दाबायचं आणि मिनिटभर हलायचं नाही. जवळ दुसरा कोणी मशीन घेऊन असेल तर त्यालाही बंद करायला सांगा किंवा चांगलं अंतर राखा. ११ इंचीला चालणारं अंतर १८ इंचीला पुरत नाही. दुपारी ढग जमायला लागले, गोंगाट वाढला, की ऑटो ट्यून पुन्हा करायचं.

टायमिंगबद्दल (जमीन आणि सोनं बघून निवडायची मशीनमधली तयार सेटिंगं) माझं मत ठाम आहे: जमीन परवानगी देईल तोवर नॉर्मल. मोठ्या, खोल ढेकळासाठी पहिली पसंती त्यालाच. सौम्य जमिनीत सेन्सिटिव्ह एक्स्ट्रा चालतं. जमीन लोहामुळे इतकी तापट की थ्रेशोल्ड, म्हणजे कानात सतत चालणारी पार्श्वभूमीची गुणगुण, सारखा डचमळतोय, तर एन्हान्स. फाइन गोल्ड हे तापट जमिनीतल्या बारीक सोन्यासाठी चांगलं आहे, पण बारीक सोनं हे या कॉइलचं कामच नाही. ते हवं असेल तर कॉइल बदला. आणि एन्हान्सवर गेल्यानंतरही मशीन शांत होत नसेल तर त्या जागी मोठी कॉइल काढून ठेवा. तिथे ११ इंची जास्त खोल जाईल, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे.

गेन मूळ सेटिंगपेक्षा एक-दोन घरं खाली उतरवून सुरुवात करा, मग एकेक घर वर. थ्रेशोल्डची बारीक गुणगुण एकसंध ऐकू आली पाहिजे. खोल ढेकूळ किंचाळत नाही, त्या गुणगुणीला हलकासा बाक देतं, एवढंच. गेन चढवून गुणगुण फाटकी केली की तो बाक त्यात हरवतो. हेडफोन चांगले हवेत, वाऱ्याच्या दिवशी तर हवेतच.

मोशनचं सेटिंग स्लो. याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. मशीन हळूहळू बदलणाऱ्या आवाजाला जमिनीचा बदल समजून पुसून टाकत असतं. मोठ्या कॉइलखाली खोल वस्तूचा संकेत पसरट असतो, अर्धा मीटर झोका जाईपर्यंत तो चढतो-उतरतो. मोशन फास्टवर आणि हात सावकाश, असं झालं की मशीन हा पसरट संकेतच पुसतं. स्लोवर ठेवून दीड मीटरचा झोका चार-पाच सेकंदांत, म्हणजे ११ इंचीवर सवय झालेल्या हाताला कंटाळा येईल इतका सावकाश. पुढचं पाऊल अर्ध्या कॉइलएवढंच, २० ते २५ सेमी. मोनोचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं. वरून थाळी कितीही रुंद दिसली तरी अर्ध्या मीटरखाली तिची नजर मधल्या पट्ट्यापुरतीच. ‘मोठी कॉइल, म्हणून भराभर जमीन उरकेल’ हा समज इथेच मोडतो.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या लोहाचा आवाज दाबायची जुळवणी, ट्रॅकिंगवर (मशीन ती सतत आपोआप बदलत राहतं) न ठेवता फिक्स्डवर. हँडलवरचं क्विक-ट्रॅक बटण दाबून धरून कॉइल जमिनीपासून ३० सेमीपर्यंत सावकाश वर-खाली करायची, आवाज सपाट झाला की बटण सोडायचं. खाली लोखंड-बिखंड नाही अशी जागा त्यासाठी बघायची. ट्रॅकिंगवर एकाच क्षीण संकेतावरून पाच-सहा वेळा कॉइल नेली, तर मशीन त्या संकेतालाच जमीन समजायला लागतं आणि तो नाहीसा होतो. उथळ सोन्यात हे फारसं जाणवत नाही. खोल सोन्यात हाच फरक निर्णायक.

आता आवाज. वरवरचा छोटा तुकडा मोनोच्या कडेजवळ मोठ्याने बोलतो, त्यामुळे एका झोक्यात तो दोनदा वाजतो: एक कडा गेली तेव्हा, दुसरी गेली तेव्हा. खोल वस्तू एकदाच, रुंद, मऊ फुगवटा देते. नॉर्मल टायमिंगमध्ये मोठ्या खोल ढेकळाचा सूर बहुधा आधी खाली मग वर जातो, लहानाचा वर मग खाली. टायमिंग बदललं तर हे उलटंही होतं, म्हणून सुरावरून सोनं की लोखंड असा निवाडा करू नये. मशीनमधलं लोखंड नाकारण्याचं सेटिंग डबल डी कॉइलवरच चालतं आणि तेही उथळ वस्तूंवर, त्यामुळे इथे त्याचा विचारच सोडा.

संकेत खरा की मातीचा, याची परीक्षा अशी: आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम झोका घ्यायचा. दोन्हीकडून जागा तीच राहिली तर बरं चिन्ह. मग पुन्हा ग्राउंड बॅलन्स करून बघायचं. मातीचा खेळ असेल तर आवाज बहुधा विरतो किंवा सरकतो. तरीही शंका राहिली तर कुदळीने वरची ८-१० सेमी माती मीटरभर रुंदीत खरवडून बाजूला करायची. आवाज वाढला तर खाली काहीतरी आहे. गेला तर वरच्या लोहखडीचा होता. ही दहा मिनिटांची मेहनत तासाभराचा फुकट खड्डा वाचवते.

खड्ड्याचं गणित लोक विसरतात. ६० सेमी खाली हात आणि कुदळ चालायची तर तोंड ७० सेमी तरी रुंद लागतं. म्हणजे पावणेचारशे किलोच्या आसपास माती, आणि तीही कडक चिकणमाती. उन्हाळ्यात ४० अंशांत. वरची माती एका बाजूला, खालची चिकणमाती दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही ढीग आधी तपासून शांत असल्याची खात्री केलेल्या जमिनीवर. नाहीतर ढिगाखालचा खिळा ढिगातलं सोनं म्हणून वाजतो. दर १०-१५ सेमीला थांबून बघायचं की वस्तू अजून खड्ड्यात आहे की ढिगात आली. १८ इंची कॉइल खड्ड्यात आडवी मावते, पण तळाशी नेमकी जागा दाखवू शकत नाही. उभी धरून कडेने बघता येतं, तेही अंदाजपंचेच. उपाय एकच: लहान कॉइल वेगळ्या खालच्या दांड्यासकट तयार ठेवायची आणि खड्डा ३० सेमीचा झाला की ती लावायची. दोन मिनिटांचं काम. हातातला पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर) शेवटच्या काही सेंटिमीटरसाठी ठीक, लोहाच्या खडीत तो स्वतःच ओरडत सुटतो. कुदळीच्या पात्यावर बसवलेलं तगडं चुंबक मात्र ज्याच्याकडे नाही त्याने आधी ते घ्यावं. लोखंडाचा कीस आणि बुटांचे खिळे ते आपोआप उचलतं.

निघतं काय? बहुतेक वेळा लोखंड. कुदळीची पाती, घोड्याचे नाल, डबे, साखळीचे तुकडे. मोठी कॉइल खोलवरचं लोखंडही तितक्याच आनंदाने ऐकते. जुन्या वस्तीच्या जागी तर तिच्या थाळीखाली एकाच वेळी चार-पाच वस्तू येतात आणि सगळ्यांचे आवाज मिसळून एक लांबलचक घरघर होते. छावण्या, झोपड्यांचे चौथरे, गोळीबाराच्या जुन्या जागा इथे ही कॉइल नेऊच नये.

हिची चाचणी घरच्या घरी करायची तर सरळ खड्डा करून, वस्तू टाकून, माती लोटून घेतलेली चाचणी फसवी असते, कारण वरची माती उकरलेली राहते. बाजूने तिरकं भोक पाडून वस्तू न हललेल्या मातीखाली सरकवावी. सोन्याऐवजी मासेमारीचं शिसं वापरतात, त्यात एक मेख आहे: शुद्ध सोन्याची विद्युतवाहकता शिशाच्या सुमारे नऊपट असते. नैसर्गिक ढेकळात चांदी, गारगोटी, पोकळ्या असल्याने तो फरक बराच कमी होतो, पण तेवढ्याच आकाराचं भरीव सोनं आणि शिसं सारखं वाजेल, ही समजूत नको. कॉइलांची आपसांत तुलना करायला शिसं चालेल, खोलीचा आकडा काढायला नाही.

वजनाचं काय, तर जीपीएक्स ५००० बॅटरीविना २.४ किलोचा, बॅटरी पाठीवर. मोठी कॉइल दांड्याच्या टोकाला असल्याने तिचं प्रत्येक शंभर ग्रॅम मनगटाला दामदुप्पट लागतं. हार्नेस आणि बंजी दोरीशिवाय १८ इंची फिरवू नये. बंजीची लांबी अशी जुळवायची की हात सोडला तरी कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेमीवर तरंगत राहील. हाताने फक्त दिशा द्यायची. कॉइल जमिनीवर घासू नका, खाली टेकून दगडावर आपटली की गुंडाळी हादरते आणि टक्कन खोटा आवाज येतो. तळाची स्किड प्लेट (कॉइलचं संरक्षक झाकण) अधूनमधून काढून आतली लाल माती झटकावी. ती मातीही लोहाचीच. कॉइलला चिकटून फिरत राहिली तर बॅलन्स बिघडवते.

पर्याय बघायचे तर: १५ बाय १२ इंची मोनो बहुतेकांना पुरते. लंबगोल कॉइलची खोली दोन मापांच्या मधल्या आकड्याने मोजावी, म्हणजे ही साधारण साडेतेरा इंची गोल कॉइलच्या तोडीची, पण झुडपांत शिरते आणि हात दुखवत नाही. जीपीएक्स ६००० साठी मायनलॅबची १७ बाय १३ इंची मोनो आहे, ती त्याच हिशेबाने पंधरा इंचीच्या बरोबरीची. ६००० चं वजन २.१ किलो, बारीक सोन्यात ते ५००० ला मागे टाकतं, पण निव्वळ खोल आणि मोठ्या ढेकळासाठी जुना ५००० आणि त्यावर १८ इंची कॉइल ही जोडी अजून मोडीत काढावी अशी नाही. ५००० च्या कॉइल ६००० ला लागत नाहीत, हे खरेदीआधी लक्षात घ्या. जीपीझेड ७००० ला १९ इंची कॉइल मिळते. खोलीत तिला तोड नाही, पण ते मशीन मुळातच ३.३ किलोचं, त्यावर ही थाळी, म्हणजे पाठ मजबूत असलेल्यांनीच नादी लागावं. २५ इंची कॉइल फक्त सपाट कुरणासाठी, आणि कमी वेळासाठी. मिठागरासारख्या खारट जमिनीत कुठलीच मोठी मोनो नको. तिथे डबल डी लावून कॅन्सल मोड (कॉइलच्या स्विचवरची गोंगाट कापणारी जागा) वापरावा, खोली थोडी जाते पण काम तरी होतं.

कायद्याचं थोडक्यात: व्हिक्टोरियात मायनर्स राइट हा सोनं शोधायचा परवाना काढावा लागतो, तो १० वर्षं चालतो आणि मिळालेलं सोनं तुमचं. फक्त हाताची अवजारं, खड्डा बुजवायचाच, बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत बंदी, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी, चालू खाणपट्ट्यावर पट्टेदाराची संमती आणि आदिवासी वारशाच्या जागांना हात नाही. भारतात परत येताना मशीन आणून गावाकडे ‘गुप्तधन’ शोधायचा विचार असेल तर १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायदा वाचून घ्या: दहा रुपयांहून जास्त किमतीचं निखात धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. आणि शंभर मीटरवरून सोनं दाखवणाऱ्या ज्या कांड्या विकल्या जातात त्यांच्यात ना कॉइल असते ना चुंबकीय क्षेत्र. वरच्या हिशेबात ५० चे ६२ सेमी करायला केवढा खटाटोप लागतो ते बघितलं की त्या कांडीची किंमत कळते.

वापरलेली कॉइल स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, कारण नव्या मशीनपेक्षा ती कितीतरी कमी पैशांत पडते. पण विक्रेत्याकडेच, मशीनला लावून, मोकळ्या जागी तपासा. कॉइल कमरेच्या उंचीवर स्थिर धरून थ्रेशोल्ड ऐका. मग कॉइलच्या कानाशी आणि जोडाशी वायर बोटांनी हलकेच वाकवा. आवाज तुटला तर आत तार तुटायला आली आहे. थाळीवर चहूबाजूंनी बोटाच्या पेराने टिचक्या मारा. एकाच जागी टिचकीला आवाज येत असेल तर तिथे आतली भरण सुटून गुंडाळी मोकळी झाली आहे, आणि ती कॉइल खडबडीत जमिनीवर दिवसभर खोटं बोलत राहील. कडेला केसाएवढी जरी चीर असेल तरी नको म्हणा. पाणी आत गेलेली कॉइल दुकानात शांत असते आणि ऊन तापलं की बिघडते.